बरणीतली गोचीड

आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, हळदीचा डबा आणि मिठाचं मडकं यांच्या मध्ये, एका भादव्यात एक गोचीड राहायला होती. लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत. बरणीच्या तोंडाला जुन्या लुगड्याचा तुकडा, त्याला वरून दोरा गुंडाळलेला, आणि तळाशी चिमूटभर ओली माती. घरी येणारं जाणारं माणूस विचारायचं, हे काय ठेवलं? मी सांगितलं की ते एक पाऊल मागं सरायचं. मला मात्र सांगायला आवडायचं. अजूनही आवडतं, म्हणून तर हे लिहायला बसले.

ज्यांच्या दारी कधी जनावर बांधलेलं नाही त्यांच्यासाठी आधी एवढं सांगते. गोचीड गुराच्या अंगाला चिकटते. कानाच्या मागं, शेपटीच्या खाली, कासेच्या बाजूला, जिथं कातडं मऊ असतं तिथं. आधी तिळाएवढी, चपटी. मग हळूहळू फुगत जाते आणि पिकल्या बोराएवढी होते. ती जी बोरं होतात, त्या सगळ्या माद्या. नर चपटाच राहतो.

आमचं गाव राळेगावकडचं. कपाशी, सोयाबीन, थोडी तूर. गोठा घराला लागूनच, विटांचा, पण विटा मातीत बसवलेल्या आणि आतून गिलावा कधी झालाच नाही. गोठ्यात बैलजोडी, आणि एक लाल संकरित गाय. ही गाय माझ्या सुनेची. तिचं माहेर दारव्ह्याकडे. तिच्या आईनं शेवटच्या आजारपणाच्या आधी ही कालवड तिला दिली होती, जीपच्या मागच्या हौद्यात बांधून आणली होती. आई गेली, कालवडीची गाय झाली. सून दुःख बोलून दाखवणारी बाई नाही. पण सकाळी गोठ्यात गेली की त्या गाईशी जरा जास्तच बोलते, हे मी भिंतीच्या अलीकडून ऐकते आणि ऐकलं नाही असं करते.

आता आमच्या घरची एक रीत. श्रावणात हातानं जीव मारायचा नाही, अशी सासूबाईंची शिस्त होती. पण पोळा तर श्रावणाच्या शेवटीच येतो, आणि पोळ्याला गुरं धुवायची म्हणजे अंगावरच्या गोचिडी काढाव्याच लागतात. मग काय करायचं? पळसाच्या पानाचा द्रोण करायचा, काढलेल्या गोचिडी त्यात टाकायच्या आणि तो द्रोण गोठ्याच्या मागच्या कोपऱ्यात, गव्हाणीच्या आडोशाला नेऊन ठेवायचा. फुगलेली गोचीड पोट भरून मरायलाच आलेली असते, ती तिची ती मरते, आपल्या हाताला पाप कायले, असं सासूबाई म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी द्रोणात काही नसायचं. आम्हाला वाटायचं मुंग्यांनी नेल्या. त्या गेल्या, मी सासू झाले, तरी द्रोण चालूच राहिला. त्या पोळ्यालाही सुनेनं भरला आणि कोपऱ्यात ठेवला.

पोळा फुटला आणि दोन-तीन दिवसांत लाल गाय आजारी पडली. आधी चारा हुंगून सोडला. मग मान खाली घातली ती वर घेईना. खांद्यापुढं गाठ आली, अंगाला हात लावला की तव्याला लावल्यासारखं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिचा रवंथ थांबला. गाय बसलेली आहे आणि तोंड हलत नाही, हे ज्यानं पाहिलं आहे त्याला मी काय म्हणते ते कळेल. गोठा एकदम मुका वाटतो.

गुरांचे डॉक्टर आले. तरुण माणूस, मोटारसायकलवर, पायात गमबूट. त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, आत पांढरंफटक. कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचेच्या पट्टीवर घेतलं.

"गोचीडताप दिसून राह्यला, आजी," ते मला म्हणाले. "रक्त तपासतोच, पण सुई आत्ताच देतो. उशीर करून जमत नाई."

सुनेनं विचारलं, "वाचन ना वो डॉक्टरसाहेब?"

"गाभण हाय का?"

"हो. पाचवा लागला."

त्यांनी सुई भरली. मग म्हणाले, "मी खोटं नाई सांगत ताई. संकरित जनावराले हा ताप जड जाते. तिचं तोंड हलते का ते पाहत राहा. रवंथ सुरू झाला की मले फोन करा. तोवर मीच येत जाइन."

सून त्या दिवसापासून नीट जेवली नाही. ताट वाढलं की "ठेवा, बसते मी" म्हणायची आणि भाकर तशीच टोपल्यात परत जायची.

माझी नात, म्हणजे सुनेची मुलगी, यवतमाळला कॉलेजात प्राणीशास्त्र शिकते. ती पोळ्याला आली होती आणि महालक्ष्म्यांपर्यंत राहणार होती. डॉक्टर गेल्यावर तिनं गाईच्या कासेजवळची एक टपोरी गोचीड हलक्या हातानं काढली, तळहातावर घेतली आणि घरात आली.

"आजी, एक बरणी दे."

"काहून वो? मार ना तिले."

"मारू नको. पाहू आपण. मले अभ्यासात हाय, पुस्तकात वाचलं, डोळ्यानं नाई पाह्यलं."

मी बरणी दिली. शाळा माझी चौथीतच सुटली, पुढचं सगळं किराण्याच्या पुड्यांवरचं आणि नातवंडांच्या पुस्तकांतलं वाचून झालं. पाहायला मिळतंय म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणेन?

संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि ती चुलीजवळ बरणी घेऊन बसली.

"आजी, हिच्या पोटात आता काय चालू असन, सांग बरं."

"काय असन? रक्त जिरून राह्यलं असन."

"कसं जिरते? मच्छर असो का ढेकूण, त्याच्या पोटात रस सुटते आन त्या रसातच रक्त शिजते. एका गंजात सगळी भाजी शिजवावी तसं. हिचं तसं नाई. हिच्या पोटात रक्ताच्या लाल पेशी नुसत्या फुटतात. मंग पोटाच्या भिंतीले ज्या पेशी असतात ना, त्यातली एकेक पेशी आपापला घोट उचलते, आपल्या पोटात घेते आन तिथंच शिजवते."

मी थापणं थांबवलं. "म्हणजे पंगतीत जेवायचं नाई. डबा भरून घ्यायचा आन आपापल्या घरी नेऊन खायचा."

ती इतकी हसली की बरणी खाली ठेवावी लागली. "पेपरात असंच लिहिते मी!"

पण मला ते पटलंच होतं. आमच्या गावात भंडारा असला की अर्ध्या बाया डबाच घेऊन जातात. पंगतीत खाणारा घाईनं खातो, मागचा उभा असतो. घरी नेलेला डबा माणूस सावकाश उघडतो, आज वरण, उद्या उरलेल्या पोळीचा कुस्करा, काहीच वाया जात नाही. या एवढ्याशा जिवाच्या पोटात अशी हजारो घरं, आणि प्रत्येक घरात वेगळी चूल पेटलेली. तिला घाई नाही. एका जेवणावर तिला पुढचं सगळं आयुष्य काढायचं असतं, नव्हे, संपवायचं असतं.

"अजून आयक," नात म्हणाली. "ही दिसते त्याच्याहून किती तरी जास्त रक्त हिनं प्यालं हाय."

"मंग गेलं कुठं?"

"रक्तात पाणीच जास्त. ते हिले नको. मंग पेता पेताच ही ते पाणी वेगळं करते आन थुंकीवाटे परत गाईच्याच अंगात सोडते. आपल्याजवळ ठेवते नुसता सार."

मी आयुष्यभर दुधाचा खवा आटवला आहे. कढईपुढं बसायचं, उलथनं फिरवत राहायचं, डोळ्यात धूर, हात भरून येतो, तेव्हा कुठं एवढ्या दुधाचा मूठभर गोळा हाती लागतो. आणि ही बया ना कढई, ना जळण, ना धूर. ज्याचं दूध त्यालाच पाणी परत, आणि खवा आपल्या पोटात. मी बरणी उजेडापुढं धरली. ती राखाडी, तुकतुकीत, पाय आखडून बसलेली. मी मनातल्या मनात तिला हात जोडले. खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात दारातून सून म्हणाली, "त्याच थुंकीतून ताप गेला ना वो माझ्या गाईच्या अंगात?"

ती केव्हा येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलंच नव्हतं. हातात रिकामी बादली. गाईनं पाणीही घेतलं नव्हतं.

नात हळूच म्हणाली, "हो, आई. थुंकीतूनच."

"मंग करा कवतिक," सून म्हणाली आणि निघून गेली.

ती चुकीचं काही बोलली नव्हती. आणि तरी, नातीनं जे सांगितलं तेही काही खोटं होत नव्हतं. दोन्ही एकाच थुंकीत होतं. मी बरणी उचलून फळीवर मागं सरकवली, सुनेला येता-जाता दिसू नये अशी. फेकली मात्र नाही.

बाजूलाच माझी धाकटी जाऊ राहते. मधली भिंत एक, जीभ मात्र तिची दोन घरांना पुरते. तिच्या कोंबड्या आमच्या गोठ्यात शिरायच्या म्हणून सुनेचं आणि तिचं कधीपासूनचं वाकडं. सुनेला गाईजवळ घाण चालत नाही, म्हणून तिनं दाराला जाळी ठोकून घेतली होती. जाऊ दुसऱ्या दिवशी विरजण मागायला आली आणि तिची नजर बरोबर फळीच्या मागं गेली.

"हे काय वो बाई? सप्तमीले दोन महालक्ष्म्या येऊन राह्यल्या, तिसरी आताच बसवली काय?"

"अभ्यास हाय पोरीचा."

"गोचिडीचा अभ्यास! आन पास झाली का मंग बकरीची लीख शिकवतीन काय?"

नातीनं तिलाही सांगायला घेतलं. पोरगी हौशी. रक्ताचा लाल रंग ज्याच्यामुळे असतो ते द्रव्य सुटं झालं की विष असतं म्हणे. आपल्या अंगात ते मोडून टाकायची सोय आहे, गोचिडीजवळ नाही. मग ती काय करते, तर तिच्या त्या घराघरांतून ते विष गोळा करून बारीक बारीक गाठोडी बांधून ठेवते, म्हणजे ते कशाला लागत नाही. आम्ही नाही का फवारणीचं औषध फडक्यात बांधून, लेकरांचा हात पोचणार नाही असं आढ्याला टांगून ठेवत? तसंच. पण थोडंसं मात्र ती बाजूला काढते. ते तिला जगायला आणि अंड्यांना लागतं, आणि ते तिला स्वतःला तयार करता येत नाही. गाईच्या रक्तातूनच घ्यावं लागतं.

मी जावेच्या हातातल्या वाटीकडे पाहिलं. "हे विरजणासारखंच झालं. दूध घरचं असन, पण विरजण कोणाच्या तरी दारातूनच आणावं लागते."

"मले गोचीड म्हणून राह्यल्या तुमी," जाऊ म्हणाली. पण वाटी घेऊन जाताना तिनं परत एकदा बरणीत वाकून पाहिलं.

दिवस जात होते. डॉक्टर येत होते. ताप उतरला असं ते म्हणाले, पण गाय उठत नव्हती आणि तोंड हलत नव्हतं. सून तिच्या पुढ्यात हिरवी मक्याची पानं धरायची, गूळ लावून धरायची. गाय तिच्याकडे बघायची आणि डोळे मिटायची. माझा मुलगा फवारणीवरून आला की आधी गोठ्यात डोकवायचा आणि काही न विचारता हात धुवायला जायचा. गाईच्या पोटात काही चालत नव्हतं आणि बरणीत, मला माहीत होतं, सगळं चालू होतं. तिचा रंग बदलला होता. राखाडीची गडद तपकिरी झाली होती. ती हलत नव्हती, खात नव्हती, पीत नव्हती. कोणीही म्हणालं असतं, मेली.

महालक्ष्म्या बसवायच्या आदल्या दिवशी मी घर सारवत होते. देव येणार त्या घरात गोचीड ठेवायची कशी, म्हणून बरणी बाहेर ओट्यावर नेऊन ठेवावी म्हटलं. उचलली आणि पाहिलं, तर तिच्या तोंडापुढं मातीवर मोहरीपेक्षा बारीक, तपकिरी, चकचकीत दाण्यांची रास. आणि ती स्वतः सुरकुतली होती.

मी नातीला हाक मारली. सूनही आली. तिघी ओट्यावर बरणीभोवती बसलो.

"अंडी," नात म्हणाली. "हजारानं देते. जेवढं पचवलं तेवढं सगळं ह्याच्यात ओतते आन मरते."

रंग पाहा, ती म्हणाली. तो तपकिरी रंग आपल्या लाल गाईच्याच रक्ताचा. तिनं बाजूला काढून ठेवलेलं विरजण.

सून बरणी हातात घेऊन फिरवत होती. मग एकदम म्हणाली, "ही तर मेलेली होती ना? पोट भरलं की मरते ना वो आई?"

"असंच म्हणत होत्या तुह्या आजेसासूबाई."

"मंग द्रोणातल्या?"

मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. नात म्हणाली, "कोणता द्रोण?" तिला ते माहीतच नव्हतं, द्रोण भरणं आम्हा बायांचं काम, गुरं धुताना लेकरांना गोठ्यात येऊच देत नसू. सुनेनं सांगितलं. नातीनं तोंडावर हात ठेवला.

"आई, पोट भरलं की ती स्वताच खाली पडते. तिले अंधारी, ओली, भेगांची जागा पाह्यजे असते अंडी द्याले. आपण तिले हातानं उचलून तिथं नेऊन ठेवून राह्यलो."

दर पोळ्याला. पळसाच्या पानात. बाळंतिणीला पोचवावं तशा आम्ही गोचिडी पोचवल्या, गव्हाणीपासून हातभर लांब, आणि त्यांच्या लेकरांनी त्याच गव्हाणीला बांधलेल्या जनावरांचं रक्त प्यालं. सासूबाईंचं मन मोठं होतं, त्यात वाईट काहीच नव्हतं. फक्त त्यांना कोणी बरणी दिली नव्हती.

मला वाटलं सून आता रागावेल, माझ्यावर, रीतीवर, बरणीवर. तिनं पदर खोचला. "उठा," ती म्हणाली.

गाईला आणि बैलांना अंगणातल्या निंबाखाली आणलं. गाय चालत नव्हती, मुलानं आणि जावेच्या घरच्यांनी धरून आणली. मागच्या कोपऱ्यातला गाळ, सडलेला चारा, जुनी पानं सगळी ओढून काढली आणि शेतात दूर नेऊन जाळली. मग भिंत. विटांच्या फटीत काडी घातली की आत काय काय होतं ते मी लिहीत नाही. नात बॅटरी धरायची आणि मध्येच, आईला ऐकू जाऊ नये असं, माझ्या कानात म्हणायची, "आजी, पाह्य इथं, कशी जागा शोधली पाह्य." उकळतं पाणी ओतलं. चुना आणि मातीचा गिलावा कालवला आणि आम्ही बायांनी हातानं एकेक फट बुजवली.

मधूनच सून उठली आणि दाराची जाळी खिळ्यासकट ओढून काढली. भिंतीवरून हाक मारली, "काकू! कोंबड्या सोडा तुमच्या."

भिंतीवर जावेचं डोकं आलं. मग जाऊ म्हणाली, "काहून? कापता काय?"

"नाई वो. गोचिडी खातीन त्या. सोडा."

"आमच्या कोंबड्या घाण करतात म्हणे."

"करू द्या."

"आवतण द्याले आल्याशिवाय नाई जात त्या," जाऊ म्हणाली, आणि स्वतःच टोपली उघडली. त्या कोंबड्यांनी त्या दिवशी गोठ्याचा जो समाचार घेतला, तो मी ओट्यावर बसून बघितला. डॉक्टर आले तेव्हा त्यांनीही पाहिला. गाईला परत एक सुई दिली, गोचिडीचं औषध अंगावर कसं लावायचं ते मुलाला सांगितलं आणि म्हणाले, "आता तिच्या हाती हाय."

महालक्ष्म्या आल्या. सुनेनं सगळं केलं. दुसऱ्या दिवशी त्यांचं जेवण. सकाळपासून चुली पेटलेल्या, आंबील, वरण, सगळ्या भाज्या एकत्र, पुरण. सून उभ्यानं रांधत होती आणि दर थोड्या वेळानं निंबाखाली बघून येत होती. आरती झाली, माणसं जेवायला बसली, उठली. तिचं ताट तसंच झाकलेलं.

दुपार कलताना मी बरणी घेऊन परसात गेले. पोरीनं फोटो काढून घेतले होते, आता हे ठेवण्यात अर्थ नव्हता. गोचीड वाळलेल्या चिंचेच्या टरफलासारखी झाली होती, आत काही उरलं नव्हतं. घेतलं ते सगळं देऊन बसली होती. पाणी गाईला दिलं, विष गाठोड्यात बांधलं, उरलेलं लेकरांना. मी न्हाणीच्या चुलीत जळतं लाकूड पुढं ओढलं आणि बरणी त्यावर पालथी केली. अंडी बारीक तडतडली. मी म्हटलं, "माय, काम तुह्यासारखं कोणाचं नाई. पण आमची गाय बी हाय." आणि राख होईतो तिथंच उभी राहिले.

परत येताना निंबाखाली आवाज आला. आधी मला वाटलं कोंबडी काही टोचते आहे. मग पाहिलं. लाल गाय बसलेली, मान वर, आणि तिचा खालचा जबडा एका बाजूला सरकला, थांबला, परत सरकला. घशाखालून एक गोळा वर आला, तो कातड्याखालून जाताना मला दिसला.

मी हाक मारायच्या आधीच सून दारात होती. ती धावली नाही. हळू आली, गाईपासून जरा लांब मातीतच बसली आणि नुसती बघत राहिली. मोजून चावावं तसं ते तोंड चालत होतं. नात फोन कानाला लावून डॉक्टरांना सांगत होती, "हो, हो, सुरू झाला, आवाज येऊन राह्यला." भिंतीपलीकडून जाऊ विचारत होती, "काय झालं? सांगा ना कोणी!"

सुनेनं वळून न बघता हात मागं केला.

"आई, भाकर हाय का वो काही?"

"पुरण हाय, आंबील हाय. अख्खं ताट झाकून हाय तुह्यं."

"आणा मंग इथंच."

मी ताट नेऊन दिलं. ती गाईकडे तोंड करून जेवली, सावकाश, आणि दोघींचं चावणं ऐकत मी बाजूला बसून राहिले.